घरघंटी विकणे आहे

फोटो दिवसा काढायचा, खिडकीतल्या उजेडात,
सनमायकाचा टवका उडालाय तो कोपरा पुढे करून.
हे मी आधीच ठरवलं होतं आणि तसंच केलं.
खाली लिहिलं : जाळ्या पाच, त्यातली दोन नंबरची वाकडी.
पिशवी धुतलेली. साडेचार हजार.

“विकताय का पण?” विचारलं अकरा जणांनी.
दोन माणसांना महिन्याला पीठ किती लागतं
हे ज्याला ठाऊक असतं तो विचारत नाही,
म्हणून मीही सांगितलं नाही.
“शेवटचं बोला” म्हणणारे वेगळेच.
मी म्हटलं, अहो, अजून पहिलं कुठे बोललात?
एक गोत्रीहून रविवारी येणार होता.
त्याच्या वाटचा चहा
अच्युतने साडेसहाला, गार, पिऊन टाकला.

हर्षिदाबेन चार म्हणाल्या आणि चारला आल्या,
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्याखाली
छोटा टेम्पो उभा करून.
चपला बाहेर. हातात स्टीलचा डबा, डब्यात स्वतःचे गहू.
(दुसऱ्याची घंटी पारखायला दुसऱ्याचे गहू मागू नयेत,
हे मला तोवर सुचलंही नव्हतं.)
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत,
पण ही तर विकतची. त्यांनी मोजले,
गाईला लागणार नाही अशा बोटांनी.
टवक्यावरून हात फिरवला, बोलल्या काही नाहीत.

आता ते, जे मी लिहिलं नव्हतं.
बंद होताना ती खडखडते.
चालू असताना नाही, बंद होताना,
तीन-चार सेकंद, डब्यात खिळे हलवल्यासारखी.
मी बटण बंद केलं आणि खोकले.
चांगली दमेकऱ्यासारखी खोकले.
अच्युत आतून पाणी घेऊन धावत आला.

बेचाळीसशेला ठरलं.
“फोनवरून नको देऊ ना? घरी मेसेज जातो,” म्हणून
रबर लावलेल्या नोटा.
मी समोरच मोजल्या, ओठ न हलवता,
आठ पाचशेच्या, दोन शंभराच्या.
मोजल्या, पाहिल्या नाहीत.
टेम्पो वळेपर्यंत आम्ही गॅलरीत उभे होतो.
ओट्याशेजारी फरशीवर
तिच्या चार पायांचे पांढरे ठसे तेवढे राहिले.

रात्री साडेनऊला राहवलं नाही. फोन लावला.
हर्षिदाबेन, एक सांगायचं राहिलं,
म्हणजे राहिलं नाही, मी ठेवलं.
ती बंद होताना—
“खबर होती मला,” त्या म्हणाल्या,
आमच्याचसारख्या अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या बोलीत.
“खोंखारो बराबर टाइमावर खाल्ला तुम्ही.
तीनशे कशाचे उतरवले मग मी?”
मला हसावं की काय करावं कळेना.
मग तिकडूनही काही वेळ नुसता पंखा ऐकू आला.
“बेन, नोटांमध्ये पाचवी बघा जरा.”

पाचवीला मधोमध टेप होती.
चिकटवलेली नीट, कडा जुळवून,
वरच्या चार आणि खालच्या तिनांत झोपवलेली.
“बदलून देते, मकरपुऱ्याला आलात तर.”
मी म्हटलं, राहू द्या.
खडखडीचं काय करायचं?
“राहू द्या,” त्याही म्हणाल्या,
“आमच्याकडे सगळे उशिरापर्यंत जागेच असतात.”

दुसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटात
वांगी तोलून पिशवीत पडल्यावर
मी आधी टेप दाखवली, मग नोट.
त्याने ती उजेडात धरली,
एकदा माझ्याकडे पाहिलं, गल्ल्यात टाकली.
सुट्टे मोजून दिले.
आणि मी वळणार, तेवढ्यात
पिशवीत हात घालून तळातलं एक वांगं काढून घेतलं
आणि दुसरं टाकलं.