रकाना क्रमांक चार

सोमवारी कमिटी येणार आहे.
प्राचार्य म्हणाले, बाई, तक्ता उद्या पाहिजे,
एकही रकाना रिकामा दिसता कामा नये.
म्हणून रात्री आठला मी बसले आहे
पाचपावलीच्या या मनपा शाळेत,
जिथे सकाळी पोट्टे बाराखडी घोकतात
आणि सहानंतर आमचं सामुदायिक महाविद्यालय भरतं
त्याच बुटक्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन.

एक, अनुक्रमांक. दोन, नाव. तीन, विषय.
चार : शैक्षणिक पात्रता व पूर्वानुभव.
रुंदी साडेतीन सेंटिमीटर.

पराग नंदेश्वर तेवढ्यात मावत नाहीत.
एम.ए. पाली, एम.ए. इतिहास, सेट, नेट, पीएच.डी.
अक्षर आठवर आणलं तरी
शेवटची पदवी खालच्या ओळीत लोंबते.
शिकवतात कार्यालयीन पत्रव्यवहार.
तासाचे पैसे मार्चनंतर.
पहाटे चारला कळमन्यात असतात, मामांच्या अडतीवर,
मिरचीच्या पोत्यांची वजनं लिहीत,
संध्याकाळी 'महोदय' समजावताना शिंकतात.
विचारलं, हा अनुभव टाकू का?
म्हणाले, टाका ना, एक किलो चुकलो नाही आजवर.
दारापर्यंत गेले, परत आले,
नको, राहू द्या.

शाहिदा कुरेशी. जी.एन.एम. मेयोत बत्तीस वर्षं.
बाकावर ओढणी अंथरून
पेशंट न हलवता चादर बदलायला शिकवतात.
पेशंट होतो वर्गातला सगळ्यात जाडा पोरगा.
अनुभवात त्यांनी लिहिलं होतं फक्त, 'रात्रपाळी.'

सुबीर बागची. अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त.
प्रमाणपत्र आहे, पण झेरॉक्सची झेरॉक्स,
शिक्क्याच्या जागी उरलाय एक राखाडी ढग.
अंगठ्यावरची जळल्याची खूण पुढे करून म्हणतात,
हे बघा, ओरिजिनल.

आणि शालिकराम हेडाऊ.
विषय हातमाग, करवतीकाठ.
रकाना चार कोरा.
तिसरीतून शाळा सुटली,
तेव्हापासून धोटा.
वीज गेली की बाकीचे वर्ग सुटतात,
त्यांचा सुटत नाही.
ते बोटांनी ताण्यातला तुटका धागा हुडकतात
आणि अंधारातच विचारतात, कोणाचा होता बाप्पा हा?

संगणक कोरा रकाना घेत नाही.
मी 'निरंक' टाइप केलं.
मग खोडलं.
नंदेश्वर सरांना बोलावलं, शासकीय भाषा त्यांच्या हातातली.
ते खुर्चीमागे उभे राहून सांगू लागले,
लिहा, 'पात्रता : वंशपरंपरागत कौशल्य.'
हेडाऊ दारात चप्पल शोधत होते.
म्हणाले, परंपरा बिरंपरा काही नाही जी.
मार खाऊन शिकलो.
बुढा फणीनं हाणायचा.

कोणी हसलं नाही लगेच.
मग शाहिदाबाई हसल्या, आणि आम्ही सगळेच.
बागची म्हणाले, माझ्याबी रकान्यात तेच टाका.
नंदेश्वर काही बोलले नाहीत.
चष्मा पुसत होते, मिरचीनं असेल.

माझं नाव तक्त्यात नाही.
बारावी, मराठी टायपिंग चाळीस.
मागच्या शुक्रवारी टायपिंगच्या मॅडम आल्या नाहीत,
तास मीच घेतला.
एका बाईची करंगळी 'ज्ञ'वर पोचत नव्हती,
मी तिचं मनगट धरून थोडं वर उचललं,
जसं माझं कोणीतरी उचललं होतं.
कोणी, ते आठवत नाही.
ते लिहायला रकानाही नाही.

साडेनऊला कागद आडवा केला,
चौथा रकाना ओढत ओढत
पार उजव्या समासापर्यंत नेला.
हेडाऊंपुढे जसं बोलले तसं लिहिलं,
फणीसकट.
नंदेश्वरांपुढे मिरची लिहिली, न विचारता.

आता कागद फायलीबाहेर चार बोटं निघतो.
प्राचार्य दुमडायला सांगतील.
सकाळी बघू.