रुमालाखाली

माणिकअप्पा हुडग्यांनी ही लायब्ररी सी मध्ये लिहिली,
दालमिलच्या माळ्यावर, तुरीच्या धुळीत,
दोन हजार तीन साली.
अकराशे ओळी. काम एकच :
ओलावामापक काय म्हणतो ते ऐकायचं
आणि आकड्यात सांगायचं.
सहाशेबाराव्या ओळीवर कानडीत टीप आहे,
ती खालच्या हॉटेलवाल्यानं वाचून दिली :
इथं हात लावू नका,
हे कसं चालतं मलाही ठाऊक नाही.

प्रणिता म्हणाली, नव्यानं लिहू,
आजच्या भाषेत, एकदाच, सगळीकडं चालेल असं.
मी म्हणालो, उदगीरच्या मोंढ्यातली वीस वर्षांची तूर
ह्या कोडनं चाखलेली आहे.
आपण तूर फक्त वरणात बघितली.

म्हणून पूल बांधला.
वर आमचं ॲप, गुळगुळीत,
आडतीतल्या विंडोजवर तेच, पोरांच्या फोनवर तेच.
खाली अप्पांचा सी,
यंत्रागणिक वेगळा कंपाइल केलेला.
मधे पत्र्याएवढी पातळ एक फाइल :
ह्या बाजूनं हाक, त्या बाजूनं ओ.
पूल स्वतःहून काही विचारत नाही.
मेमरी कुणी मागून घेतली, कुणी परत करायची,
शेजारून आणलेल्या पातेल्यासारखं
आधीच ठरवावं लागतं.
पहिल्या आठवड्यात ते पातेलं
आम्ही दोघांनीही नेऊन दिलं, एकामागं एक,
आणि ॲप एक शब्द न बोलता मेलं.

ते निस्तरलं. मग हे :
विंडोजवर ओलावा अकरा पूर्णांक चार,
फोनवर त्याच ढिगाचा, त्याच मुठीचा
शून्य.
तापमान मात्र दोन्हीकडं बरोबर.
माल घेऊन आलेला गडी म्हणाला,
ह्या फोनवरच मोजा की, लई गुणाचा हाय.

तीन रात्री सहाशेबाराव्या ओळीवर संशय घेतला.
बिदरला लेकीकडं असलेल्या अप्पांना फोन लावला :
तेव्हा कोणकोणत्या मशीनवर चालवायचात?
ते बराच वेळ खोकले.
एकच मशीन होतं बाबा.
दुसरं असंल, असं कुणाच्या मनात आलं होतं?

खाजामियाँ तोलार काट्याजवळ बसून
भलतंच काही सांगत होता. मी अर्धं ऐकत होतो.
हाळी-हंडरगुळीचा बाजार, देवणी गोऱ्हा,
रुमालाखाली अब्बानं चार बोटं दाबली,
मालकानं मान हलवली,
दोघं बी खुशीत.
रुमाल काढला तर अब्बाचे चारशे
आणि मालकाचे चार हजार!
मगरिबपर्यंत भांडण चाललं, साहेब.
बोटं खरीच होती की दोघांची.
शेकडा का हजार,
ते आधी तोंडानं बोलून घ्यायचं असतं,
मग रुमाल.

मी चहा तसाच ठेवून वर गेलो.

एकतिसावी ओळ. तिथं अप्पांनी लिहिलं होतं 'लाँग',
दोन वेळा, तापमानाला एक, ओलाव्याला एक.
विंडोजवर लाँग चार बाइटचा,
फोनवर आठ.
आमचं ॲप दोन्हीकडं चारच मोजत बसलेलं,
म्हणून ओलाव्याच्या जागी वाचत होतं
तापमानाची मागची रिकामी चार घरं.
कुणीच खोटं बोलत नव्हतं.
आम्ही तोंडानं बोलून घेतलं नव्हतं, इतकंच.

लाँग खोडला. बत्तीस बिट, असं स्पष्ट लिहिलं.
शेजारी मराठीत टीप टाकली,
कानडी टिपेला सोबत म्हणून :
शेकडा का हजार, आधी ठरवा.
प्रणितानं वाचलं, म्हणाली, हे कुणाला कळणार?
सहाशेबाराव्या ओळीला अजून कुणी हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर अकरा पूर्णांक चार आलं.
मी खाजामियाँला दाखवलं.
त्यानं ढिगातला एक दाणा उचलला,
दाढेखाली कट्टकन फोडला,
डोळे मिटून जरा थांबला.
साडेअकरा, म्हणाला.
मशीन तुमची थोडी कमी सांगती.