दुसरीकडे सुरू आहे

माझ्या दुकानात झेरॉक्स निघते, रिचार्ज होतो,
आधारला नंबर जोडून मिळतो.
दिवाळीपासून आणखी एक काम मागे लागलं:
बेबीताई तायडेच्या सुगतचं ते यंत्र
रोज संध्याकाळी वायफायला लावून देणं.

यंत्र हातात मावणारं. दोन्ही बाजूंना अंगठ्यांची जागा,
मधे काच.
सुमेधनं पाठवलं चाकणहून, पहिल्या बोनसचं.
स्वतःला त्यानं जुनं ठेवलं, कोपऱ्यात तडकलेलं.

सोबत एकच खेळ होता, कंपनीचा घरचा, गाड्यांच्या शर्यतीचा.
आठ दिवसांत पोट्ट्यांनी त्याचा चोथा केला.
मग पाहतो तर बाकी सगळे खेळ थर्ड पार्टी.
"तिसरी पार्टी?" फैजान म्हणाला,
"आपल्या गावात तं दोनच हाएत बे."
ओट्यावरून नाना इंगोले बोलले,
"तिसरी असती तं नळ कधीचा आला असता."

मी समजावलं. यंत्र एकाचं, खेळ दुसऱ्याचा,
चूल आपली अन् गंज शेजारचा, तसं.
काही खेळ आलेत, काही येणार आहेत.
येणार आहेत म्हटल्यावर पोरं गप झाली.
हे वाक्य त्यांना पाठ होतं,
पूर्णेवरच्या पुलाच्या पाटीवरून.

शेवटी सुमेधनंच एक घेतला,
कुठल्या तरी देशातल्या तिघांनी मिळून केलेला.
एक नदी, एक डोंगा, काठानं गावं.
या गावचं सामान त्या गावी पोचवायचं.
मारामारी नाही. पाणी गोड.
आमच्या खारपाणपट्ट्यातले पोट्टे पहिल्या दिवशी
नुसते त्या पाण्याकडे पाहत बसले.

शेअरचं बटण दाबलं की खेळ एक, यंत्रं दोन,
पैसे एकदाच.
अट एवढीच की एका वेळी एकानं खेळायचं.
नाना म्हणाले, "सामायिक विहीर हाये म्हणा.
एकाचा पंप सुरू असला तं दुसऱ्यानं बसावं."

तर असं व्हायचं:
चौघं माझ्या बाकड्यावर, लखनची पाळी,
डोंगा भरलेला, वळणाला लागलेला,
आणि काच काळी.
खाली इंग्रजीत एक ओळ.
प्रांजू नववीत, ती वाचून सांगायची,
हा खेळ दुसरीकडे सुरू आहे.

पहिल्या दिवशी लखननं शिवी दिली.
दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं,
पाच वाजून दहा.
"सुमेधदादाची पाळी सुटली वाट्टे."
एकाची पाळी सुटली की एकाची जाते,
हे त्यांना कोणी शिकवलं नाही.

बेबीताईला कळलं तशी ती
वावरातून येताना दुकानाशी थांबायला लागली.
फोनवर तो "बरा हाये"च्या पुढे सरकत नाही.
हातात विळा, केसांत तुरीचा पाला,
आत न येता पायरीवरूनच विचारायची,
"बंद पडला का रे?"
"पडला काकू, आत्ताच."
"म्हणजे खोलीवर आला," असं स्वतःशी,
अन् घराकडे चालू लागायची.

मागच्या महिन्यात खेळ बंदच पडेना.
एक दिवस, चार दिवस, आठ.
पोरं शेवटच्या गावापर्यंत पोचली,
बक्षीस म्हणून डोंग्याला लाल शीड मिळालं,
कोणी ओरडलं नाही.
लखन आपली पाळी अर्ध्यात सोडून
यंत्र सुगतच्या हातात द्यायचा.
बेबीताई पायरीवर.
"चालूच हाये काकू."
फोनवर बरा हाये. ओव्हरटाइम हाये.
तिनं एकदा मला विचारलं,
त्या कंपनीले फोन लावता येते का, खेळाच्या.

काल साडेसातला,
प्रांजू डोंगा धक्क्याला लावतच होती
तर काच काळी.
चौघं असे ओरडले की नानांना वाटलं क्रिकेट हाये.
ओळ कोणी वाचलीच नाही.
लखन उठला अन् तायड्यांच्या घराकडे
अंधारात पळत सुटला, अनवाणी.

त्याच्या चपला अजून इथंच आहेत,
झेरॉक्सच्या मशीनखाली.