नऊ

नंदगडच्या सरकारी दवाखान्यात,
लस टोचायच्या खोलीत, दर गुरुवारी दुपारी
सहाजणी भिंतीला पाठ लावून बसायचो.
गिरिजव्वा सिस्टरचं मराठी मोडकं,
माझं कन्नड बाजारापुरतं,
भाव विचारावा, दोन रुपये पाडून घ्यावे, एवढंच.

पहिल्याच दिवशी माझ्या कमरेवर हात ठेवून
तिनं विचारलं, "नोवू?"
मी घड्याळाकडं बघितलं.
"नाही हो बाई, आत्ता कुठं अडीच."
कन्नड कळणाऱ्या दोघी पोट धरून हसल्या,
धरण्यासारखी पोटंही होतीच.
नोवू म्हणजे दुखणं.
तेव्हापासून आम्ही कळेला नऊच म्हणायचो.
नऊ वाजले की दात आवळायचे नाहीत.
नऊ वाजले की खांदे सोडायचे.

श्वास घेताना चार मोजा, सोडताना सहा.
तिचं नाल्कू यायचं तेव्हा आमचं तीन चाललेलं.
शेवटी जांबोटीकडची सोनूबाई धनगरीण म्हणाली,
"फुंकणी की गं ही!
जोरात फुंकलीस तर राख डोळ्यात.
हळू, लांब, निखारा लाल होईस्तोवर."
सिस्टरनं ते वहीत लिहून घेतलं.

मग तिनं उकिडवं बसायला शिकवलं, गादीवर.
मी चिखलात भात लावत वाढलेली.
गप्प राहिले, शिकल्यासारखं केलं.

घरी सासू म्हणाली,
"आमच्या वेळी कुणी शाळा घातली होती?
पाच झाली, सगळी घरात."
थोड्या वेळानं म्हणाली, "दोन परसात आहेत."
आणि तेल गरम करायला उठली.

त्या रात्री शिकलेलं सगळं विसरले.
चार नाही, सहा नाही.
भैरूला, त्याच्या टेम्पोला,
बिडीच्या रस्त्यावरच्या एकेका खड्ड्याला
नाव घेऊन शिव्या घातल्या.
टेबलावर आडवी होईना.
डॉक्टर म्हणाले, झोपा. मी म्हटलं, तुम्ही झोपा.
गिरिजव्वा मध्ये आली, भराभर काही बोलली.
ते पाय आपटत बाहेर गेले, तिथूनच बघत राहिले.

खिडकीचे गज. गजांचा गंज तळव्यांना.
मागून तिचे गुडघे माझ्या कमरेला टेकलेले,
आणि कानाशी
फूऽऽ
फूऽऽ
तीच फुंकत होती, तोंडाला विड्याचा वास.
तिचं ऐकून, बऱ्याच वेळानं, मीही.

थोडं फाटलं. तीन टाके.
कागदावर त्यांनी नॉर्मल लिहिलं.
त्यात नॉर्मल काय होतं, मला आठवत नाही.

पोरगी छातीवर, ओली, रागावलेली,
एक मूठ माझ्या गळसरीत अडकवून बसली.
शेवटचा टाका ओढताना
गिरिजव्वानं मान वर न करता विचारलं,
"नोवू?"

म्हटलं, "वाजून गेले."