बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला

लिफ्ट बंद होती. दोन्ही शिष्टमंडळं जिना चढून आली,
एक कठड्याच्या बाजूनं, एक भिंतीच्या,
आणि वर पोचल्यावर दोघांनाही सारखाच दम लागलेला.
मनात म्हटलं, सुरुवात वाईट नाही.

इथे पूर्वी एका बोट कंपनीचं ऑफिस होतं.
भिंतीवर अजून तिचा नकाशा आहे, बंदरांना लाल टिकल्या.
ज्या नदीवरून हे भांडतात ती त्यात केसाएवढी,
आणि ज्या पुलावर यांची माणसं मेली
तो त्यात नाहीच.

मी मधल्या खुर्चीवर. हंसा चिंचय, राहणार वर्सोवा.
यादीत माझं नाव नाही, यादीत लिहिलंय: दुभाषी, एक.
कर्नल म्हणतो, आमच्या सहनशीलतेचा अंत पाहू नका.
पलीकडे पोचेपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात,
काटेरी माशाच्या तुकडीसारखं.
काटा काढायचा मला अधिकार नाही.
लपवायचा तर नाहीच.
जिभेनं चाचपायचा, आणि आहे तसा
समोरच्याच्या ताटात ठेवायचा.

जेवणानंतर अडलं ते एका क्रियापदावर.
सैन्यानं काय करायचं?
'मागे हटणं' म्हटलं तर त्यांच्या भाषेत त्याला हरल्याचा वास.
'परतणं' म्हटलं, तर तो शब्द ते
संध्याकाळी गोठ्याकडे वळणाऱ्या गुरांसाठी वापरतात.
आमचे जवान गुरं नाहीत, म्हणाले.
हेही मी इकडून तिकडे नेलं.
असे चार तास.
तिकडे पुलाच्या दोन टोकांना
विशीतली पोरं वाळूच्या पोत्यांमागे
घामेजलं बोट चापावरून काढतात, पँटला पुसतात,
परत ठेवतात.

आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात.
अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.
निघणारं सैन्य 'येतो' म्हणालं
तर काय होईल?

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट, बापसाकडून ऐकलेली.
भर दर्यात आमचं जाळं मढच्या एका होडीच्या जाळ्यात गुंतलं.
ओढाताण, शिव्या, दोन्हीकडे कोयते बाहेर.
बापूस ओरडला, "आधी इंजिन बंद करा. दोघांनी बी."
आधी कोण बंद करणार यावर अर्धी रात्र.
कोयत्यानं काम मिनिटभराचं होतं.
गाठी सोडवता सोडवता उजाडलं,
बर्फाचं पाणी झालं, बांगडा वास मारू लागला,
आणि त्या मढच्या नाखव्याशी बापूस
त्यानंतर एक शब्द बोलला नाही.
जाळी मात्र दोन्ही अख्खी.

हे मी खोलीत सांगितलं नाही.
दुभाष्याला स्वतःची गोष्ट सांगायचे पैसे मिळत नाहीत.

साडेसातला कुणीतरी दमून म्हणालं, क्रियापदच काढून टाका.
काढलं. त्या जागी आकडा आला:
पुलापासून सहा किलोमीटर.
सहाला कुठल्याच भाषेत वास नव्हता.
सह्या झाल्या. हात कुणी मिळवले नाहीत.
पेनं मात्र अदलाबदल झाली, चुकून,
आणि ती परत मागायला कुणीच वळलं नाही.
आता हा कागद किती दिवस टिकेल?
मला विचारू नका. मी फक्त शब्द वाहते,
आणि आज तर आकडाच वाहिला.

घरी आले तेव्हा बापूस ओट्यावर, मांडीवर फाटकं जाळं.
कुठे होतीस विचारत नाही तो. कामाचं सांगता येत नाही,
एवढं त्याला ठाऊक आहे.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"मढवाल्याचा पोरगा आलेला. जाळ्याची सुई मागायला."
"दिलीस?"
"दिली."
दोरा दातांनी तोडला त्यानं.
"बोललो नाय."