चौदा नंबरचा चौकोन

पहाटे पाचला खडू घेऊन
मी बँकेमागच्या डांबरावर चौकोन आखतो.
सहा दिवस ही जागा गाड्यांची,
शनिवारी आमची.
आज हंगामातला शेवटचा बाजार.
सवयीनं चौदावाही आखून गेलो.
पुसायला बूट उचलला,
आणि तसाच खाली ठेवला, शेजारी.

रात्री पहिलं कडक हिव पडलं.
ऑर्विल ट्वेटनचे टोमॅटो वेलावरच काळे झाले.
हिरवे तेवढे खुडून आणलेत दोन टोपल्या,
आणि माझ्याकडे बघतोय
जणू हिव मीच धाडलं.
भोपळ्यांना काय त्याचं!
ते पिकअपच्या फळीवर बसलेत
निकाल आधीच ठरवून आलेल्या पंचांसारखे.
पलीकडे पा न्हिया थाओ मोहरीच्या जुड्या बांधतेय,
तिची नात काबाओ सुटे मोजतेय.
हिव खाऊन पाला गोड होतो म्हणे.
मला कधी कळला नाही तो गोडवा.

साडेनऊला व्हर्ना आली.
हार्लन ऑगस्टात गेला,
मध काढून, बरण्या भरून,
तळघरात रांगेनं लावून मग गेला.
सतरा बरण्या.
झाकणावर त्याच्या तिरक्या अक्षरात
फुलाचं नाव, साल.
किंमत कुठेच नाही.

"घरी सांगायचा, बारा," व्हर्ना म्हणाली.
मी म्हणालो, मला तर आठला द्यायचा.
"आठ?" ऑर्विल भोपळ्यांमागून, "सहा!"
सोल्वेग पाववाली हात पुसत म्हणाली,
आमचा पैशांचा व्यवहारच नव्हता,
आदल्या दिवशीचा एक राय पाव.
दातांचे डॉक्टर रांगेत होते,
खाली बघून पुटपुटले,
"मला पंधरा. वर म्हणायचा, यंदा फुलोरा कमी."

मग पा न्हिया काहीतरी बोलली, बराच वेळ.
काबाओनं ते लहान करून सांगितलं:
"आजी म्हणते, पहिल्या वर्षी त्यानं फुकट दिली.
दुसऱ्या वर्षी आजी फुकट घेईना,
मग तो दोन जुड्या घेऊ लागला.
त्याला पाला आवडत नाही
हे आजीला दिसत होतं."

"त्या जुड्या!" व्हर्ना म्हणाली.
"अठरा वर्षं शिजवल्या मी त्या.
मला सांगायचा, डॉक्टरांनी खायला सांगितलंय."
ती उलट्या खोक्यावर बसली,
मफलर तोंडावर धरला.
खांदे हलत होते.
हसतेय की काय, ते विचारायची
कुणाची छाती झाली नाही.

नंतर ज्यानं जी सांगितली त्या किमतीला
बरण्या गेल्या.
ऑर्विलनं सहा सांगून दहाची नोट दिली
आणि सुटे मागायचे विसरला.
मी आठच दिले.
खोटं बोलणं जमलं नाही मला,
किंवा उदार होणं.
अजून ठरलेलं नाही.

पानांचे रंग बघायला शिकागोहून आलेलं
एक जोडपं थांबलं.
"केवढ्याला?"
व्हर्नानं मान वर केली.
"हार्लनला ओळखत होतात?"
"नाही."
"मग बारा."

एकला घंटा वाजवली.
ताडपत्र्या उतरल्या,
उरल्यासुरल्याची अदलाबदल सुरू झाली,
चीजच्या बदल्यात सफरचंदं,
हिरव्या टोमॅटोच्या बदल्यात कुणीच काही देईना.
पा न्हियानं दोन जुड्या व्हर्नापुढे धरल्या.
व्हर्नाला तो पाला आवडत नाही,
हे आता सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.
तिनं घेतल्या.
बगलेत मारून चार पावलं गेली,
वळली.
"काबाओ, विचार गं आजीला,
किती वेळ शिजवायचा असतो हा?"

"दोन मिनिटं," काबाओ म्हणाली,
आजीला न विचारताच.

"दोन?" व्हर्ना म्हणाली.