कडता

फॉर्मवर एकच चौकट उरली आहे :
तुम्हाला महत्त्वाचा वाटणारा एखादा व्यापारी व्यवहार. पाचशे शब्द.
मुंबईची फर्म, तेविसावा मजला.
मुदत आज रात्री बारा.

दोन सिमेंट कंपन्यांचं विलीनीकरण लिहून पाहिलं,
वाचताना मलाच जांभई आली.
डेटा संरक्षण सगळेच लिहिणार,
मिथिला उपाध्ये तर कालच लिहून मोकळी.

आण्णा यार्डातून आले, आंघोळ झाली,
तरी कानामागे हळद आहेच.
विचारलं, तुमच्या लहानपणी सौदा कसा व्हायचा?
त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या मनगटावर टाकला,
खालून तीन बोटं धरली,
मग एक पेर दाबलं, अर्धंच.
"झाला सौदा."
"आणि नंतर नाकारला तर?"
"नाकारंल की.
पर उद्या त्येचा हात टावेलाखाली घेणार कोण?"

प्रस्ताव, स्वीकृती, पुरावा,
पाच वर्षं पाठ केलेलं सगळं
त्या ओलसर कापडाखाली गरम लागलं.

एका बैठकीत लिहून काढलं.
मोजले : पाचशे सहा.
"मग कडता काप," आण्णा म्हणाले,
"पोत्यामागं कापत्यातच," आणि कुशीवर वळले.

सहा शब्द शोधत बसले.
कुठंच सैल नव्हतं
एक पहिलं वाक्य सोडून :
माझे वडील सांगलीच्या यार्डात तोलार आहेत.

बोट तिथं ठेवून बसले आहे.
बॅकस्पेस पिवळी झाली.
अकरा चाळीस.